मालवण स्नॉर्कलिंग आणि हाजी अलीचा किनारा वॉक: ट्रिपमध्ये 'क्लीनअप' ठेवू का, की तो नुसता फोटोपुरता दिखावा होतो?

दादरची_मेधा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा भाऊ दादरहून छोट्या वीकेंड ट्रिपा काढतो. आधी गड-किल्ले आणि कोकणातले होमस्टे एवढंच होतं पण आता जो तो मालवण-तारकर्ली मागतो आणि तिकडे गेलं की स्नॉर्कलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं) पाहिजेच, त्याशिवाय बुकिंगच होत नाही. त्यात ऑफिसवाल्या ग्रुप्सचं नवीन सुरू झालंय. एचआरच्या बाई फोन करून विचारतात तुमची ट्रिप सस्टेनेबल आहे का, क्लीनअप अ‍ॅक्टिव्हिटी असते का, आम्हाला सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या समाजकार्यात दाखवायचंय. मी आपलं हो हो बघते म्हणून ठेवून देते.

खरं सांगायचं तर मला पण यात काहीतरी धड करायचंय. मागच्या ट्रिपला बोटीवरच्या पोराने ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा फोडला, हातात चुरा केला आणि पाण्यावर टाकला, तर दोन मिनिटांत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा नुसता गराडा. सगळे खूश, गोप्रो बाहेर. आणि त्याच गडबडीत आमच्यातलाच एक दादा मास्क नीट करायला म्हणून खाली खडकावर उभा राहिला, खडक कसला, प्रवाळच होता तो. गाइड ओरडला पण ओरडून काय, त्याच्या पायातल्या फिन्स (पोहायचे वल्ह्यासारखे पंजे) बसायच्या तिथे बसल्या.

तर डोक्यात असं आहे की मुंबईत एक सकाळ हाजी अलीला ओहोटीचा वॉक, आणि मालवणच्या दोन मुक्कामांत एक तास क्लीनअप. विचारायचंय ते असं: क्लीनअपचा खरंच उपयोग होतो का? स्वयंसेवक संस्थांना बोलवायचं तर पैसे द्यायचे का, की ते फुकट येतात? आणि माणशी शंभर-दोनशे 'रीफ फी', म्हणजे प्रवाळ सांभाळायला म्हणून वेगळे पैसे, लावली तर ती नेमकी द्यायची कुणाला?

---

नाक्यावरचा_शंकेखोर

दिखावा. पुढचा प्रश्न?

नाही, सांगतो. आमच्या ऑफिसने नेलं होतं एकदा बीचवर. एका रंगाचे टीशर्ट, फ्लेक्स, हातमोजे, आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली. तासभर कचरा गोळा केला, ग्रुप फोटो, वडापाव, बस. पिशव्या तिथेच भिंतीला लावून ठेवल्या, उचलणार कोण ते कुणालाच माहीत नाही, संध्याकाळी भरती आली असेल तेव्हा अर्ध्या परत पाण्यात गेल्या असणार. मुंबईचा कचरा समुद्रात कुठून येतो? नाल्यातून. मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर या सगळ्या नद्याच आहेत पण आपण त्यांना नाले करून टाकलंय. ते वाहतंय तोपर्यंत किनारा झाडून काय होणार.

---

खडपातला_खेकडा

मेधाताई, मी मुंबईत किनाऱ्यावरचे वॉक घेणाऱ्यांबरोबर स्वयंसेवक म्हणून जातो, त्यामुळे हाजी अलीबद्दलच बोलतो, मालवणचं तिकडचे लोक सांगतील.

पहिली गोष्ट, कल्पना चांगली आहे. हाजी अलीला, वरळीला, मरीन ड्राइव्हच्या बाजूला खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत हे निम्म्या मुंबईला माहीतच नाही. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे लावले, काही पार नेव्ही नगरच्या बाजूला, तेव्हा पेपरात आलं म्हणून लोकांना कळलं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर घेऊन जाताहेत, त्यांच्याबरोबर स्वतः आधी एकदा जाऊन या, मग ठरवा. आणि कोस्टल रोडनंतर किनारा बराच बदललाय, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

फक्त ग्रुपला आधीच सांगून ठेवा की इथे टीव्हीत दिसतात तसे लाल-निळे प्रवाळ नाहीत. तळहाताएवढे, मातकट-तपकिरी, वर बारीक बारीक तारे कोरल्यासारखी नक्षी, पटकन बघितलं तर दगडच वाटतो. आणि म्हणूनच लोक त्यावर पाय देतात. एका वॉकला एक काका माझ्याशी "इथे प्रवाळ कुठाय हो" असं बोलत होते आणि उभे प्रवाळावरच.

दुसरी गोष्ट वेळ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी पाहिजे, तेव्हाच खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ पट्टा, नीट उघडं पडतं. मुंबईत त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला, पुढे रोज साधारण पाऊण तासाने सरकते. अष्टमीच्या रविवारी ग्रुप घेऊन गेलात तर भांगाचं पाणी, काही उघडंच पडणार नाही, लोक म्हणतील कसला वॉक हा. म्हणजे तुमचं कॅलेंडर शनिवार-रविवारवर नाही, तिथीवर चालणार. ऑफिसवाल्यांना हे पटवणं तुमचं कौशल्य.

तिसरी गोष्ट, आणि यासाठीच खरं तर लिहायला बसलो. खडकाळ किनाऱ्यावर क्लीनअप ठेवू नका. वाळूवर ठेवा, नाल्याच्या तोंडाशी ठेवा, खडपावर नाही. चाळीस माणसं खडपावर पिशव्या घेऊन सोडली की ती दगड उलटे करतात, चिकटलेली पिशवी खेचतात आणि तिच्याबरोबर खडकावरचं सगळं उपटून येतं, कारण आपल्याकडे त्या प्लॅस्टिकवरही समुद्रफुलं आणि कालवं बसलेली असतात. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा असतो, खालची बाजू खालीच, नाहीतर खालचे जीव उन्हाने मरतात आणि वरचे अंधाराने. एवढं साधं पण दहा वेळा सांगावं लागतं.

बाकी, कुणी शंख-प्रवाळ उचलून खिशात टाकणार नाही हे बघा. कडक प्रवाळ सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या बरोबरीला, मेलेला तुकडासुद्धा घरी ठेवणं गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. आणि कोन स्नेल नावाचा सुंदर नक्षीचा शंख मुंबईत पण सापडतो, तो डंख मारतो, विषारी असतो. हात लावायचा नाही हा नियम केला की दोन्ही प्रश्न मिटतात. एका गाइडमागे दहा-बारा माणसं, त्यावर नको. चपला नको, पकड असलेले बंद बूट.

पैशांचं म्हणाल तर द्या हो. गाइड तीन तास उभा राहून तुमच्या धंद्याला माणसं सांभाळतो, त्याला फक्त सर्टिफिकेट देऊन कसं चालेल.

---

रविवारचं_फावडं

@नाक्यावरचा_शंकेखोर तुमचा अनुभव खरा आहे पण एका दिवसाच्या तमाशावरून सगळ्यांना एकाच पट्टीने मोजू नका. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी सुरुवात केली तेव्हा पण लोक हेच म्हणत होते, नाल्यातून येतंय, काय उपयोग. ते दर आठवड्याला जात राहिले. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला ते सोडा, मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली. वाळू मोकळी नसती तर मादी वर चढली असती का? अंडी घालायला खड्डा कुठे खणणार, गुडघाभर प्लॅस्टिकमध्ये?

बरं आणि नाल्यातून येतं हे आम्हाला पण माहितीय. दर आठवड्याला तेच तेच उचललं की कळतं ना कुठून काय येतंय. शाम्पूची सॅशे, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचा तो कापलेला इवलासा त्रिकोणी कोपरा. तो कोपरा उचलायचा म्हणजे वाकून वाकून कंबरेचे बारा वाजतात, पण तो बघितल्यापासून माझ्या सोसायटीत सगळे पिशवी अशी कापतात की कोपरा पिशवीलाच लटकत राहतो. दिखाव्याने एवढं तरी होतं.

मेधा, स्वतःचं क्लीनअप काढू नकोस. ज्या किनाऱ्यावर आधीच कुणीतरी दर आठवड्याला करतंय तिथे तुझी माणसं घेऊन जा. त्यांच्याकडे फावडी असतात, ट्रॅक्टर नाहीतर पालिकेची गाडी ठरलेली असते, पिशव्या भिंतीला टेकून राहत नाहीत. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तुझं मालवण तसंही बंद, आणि नेमका तेव्हाच समुद्र सगळा कचरा परत आणून टाकतो, गणपतीनंतर तर निर्माल्य आणि मूर्तीचे तुकडे. तेव्हा माणसं हवी असतात. (जुहूला पावसाळ्यात ब्लू बॉटल, ते डंख मारणारे निळे जीव, येतात, अनवाणी नको.) हिवाळ्यात येऊन फोटो काढणारे भरपूर आहेत.

---

वरळीकर_नाखवा

कोळीवाड्यातला आहे म्हणून बोलतो, राग मानू नका कुणी.

आमच्याकडे पण असलीच एक मंडळी आली होती बसमधून. सकाळी आमची जाळी सुकत घातलेली होती बंदरावर. बोंबलाची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं आहे, तिच्या मागच्या टोकाचा खोला दुरुस्तीला काढून ठेवलेला. या लोकांनी ती 'समुद्रातली टाकून दिलेली जाळी' म्हणून कापून पिशवीत भरायला घेतली. आई धावत गेली म्हणून वाचली. वर त्यातला एक पोरगा आईलाच सांगतो, काकू समुद्रात प्लॅस्टिक टाकू नका, मासे मरतात. आई म्हणाली बाळा, मासे मेले तर तुझ्या आधी मला कळेल.

तर येताय तर या, पण आधी विचारून या. कोळीवाड्याची सोसायटी असते, पाटील असतो, कुणाला तरी फोन करा. आणि ग्रुपला जाळी, कालवं, ओहोटी हे दाखवायला आमच्यातलाच माणूस घ्या. खडपात कालवं फोडणाऱ्या बायका आहेत, कुठल्या दगडाखाली काय असतं ते त्यांना विचारा, शिकलेले गाइड पण त्यांच्याकडूनच शिकलेत बऱ्याच गोष्टी. त्यांना तासाचे पैसे द्या, ते रीफ फीपेक्षा बरं.

आणि एक, समुद्र आम्ही खराब करतो असं जे सगळ्यांना वाटतं त्यांच्यासाठी. जाळ्यात कासव नाहीतर व्हेल शार्क अडकला आणि आम्ही जाळं कापून सोडून दिला तर सरकार २०१८ च्या डिसेंबरपासून २५ हजारापर्यंत भरपाई देतं, फोटो काढून अर्ज करायचा. किती जणांनी जाळी कापून सोडलेत बघा. हे तुमच्या ट्रिपच्या लोकांना सांगा, बसमध्ये गाणी लावण्याऐवजी.

---

खडपातला_खेकडा

नाखवा, कालवंवाल्या बायकांचं शंभर टक्के. मला ऑक्टोपस कुठल्या भोकात बसतो ते अशाच एका मावशीने दाखवलं, बाहेर फोडलेल्या शिंपल्यांचा ढीग बघायचा म्हणे.

---

तांडेल_मालवण

मेधाताई तुमी जी बोट सांगितलात ती माझी नाय ना? 😄

बिस्किटां टाकूक आमका काय हौस नाय. गिऱ्हाईक म्हणता मासो दिसलो नाय तर पैशे परत. मी काय करू?

सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. बिस्किट टाकणं चुकीचं आहे हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, कारण पण सांगितलंय. खडकावरचं शेवाळ खाणारे मासे असतात, ते शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवतात. त्यांना फुकट बिस्किट मिळालं की ते शेवाळ कशाला खातील, आणि बिस्किटाला धावून येणारे दांडगे मासे बाकीच्यांना पळवून लावतात. म्हणजे तुमच्या फोटोत मासे भरपूर पण सगळे एकाच जातीचे. हे मला कळतं, पण शेजारची बोट टाकते, तिच्याकडे मासे जमतात, माझ्या बोटीवरची माणसं माझ्याकडे बघतात. 

आता खरं कारण ऐका. रेट. मुंबई-पुण्याचा एजंट फोन करतो, चाळीस माणसं आहेत, माणशी किती? मी सांगतो तो आकडा ऐकून म्हणतो पलीकडचा शंभर कमी घेतो. मग मी पण कमी करतो. कमी केला की मग एका फेरीत जास्त माणसं घ्यावी लागतात, एका ट्यूबला चार-चार जण लटकवावे लागतात, गाइड एकच, अर्ध्यांना पोहता येत नाही, घाबरले की पाय खाली टाकतात. पाय खाली म्हणजे प्रवाळावर. तुमचा तो दादा मुद्दाम उभा नाय राहिला, त्याला धरायला माणूस नव्हता. शंभर रुपये वाचवले ते तिथे गेले.

नांगराचं पण तसंच. नांगर वाळूत टाकायचा आणि बोट खडकापासून लांब ठेवायची, बाकीच्या बोटी त्याच बोटीला बांधायच्या, असं आम्ही काही जण करतो. पण मग माणसांना थोडं पोहत न्यावं लागतं, वेळ जातो, एका दिवसात फेऱ्या कमी होतात. घाईवाला सरळ खडकावर नांगर टाकतो, आणि नुसता नांगर नाय, वारा फिरला की नांगराची साखळी गोल फिरते, मध्ये जे येईल ते साफ. गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. बोट पाच मिनिटांत जे मोडते ते माझ्या आज्याच्या वेळचं असतं.

म्हणून म्हणतो रीफ फी कुणाला द्यायची ते सोडा. तेवढेच पैसे बोटीच्या रेटमध्ये द्या आणि बदल्यात अटी घाला. माणसं कमी, बिस्किट नाय, नांगर वाळूत, गाइड दोन. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि दर वेळी त्याच बोटवाल्याकडे या, म्हणजे त्याला पण खात्री.

१९८७ ला इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गावाने विरोध केला, मासेमारी बंद करतील म्हणून. अजून पण अभयारण्य म्हटलं की लोक दचकतात. पण आज गावातली कितीतरी पोरं याच प्रवाळावर पोट भरतात, ती तो सांभाळतील, त्यांना सांभाळणं परवडलं पाहिजे एवढंच.

---

नाक्यावरचा_शंकेखोर

हे पटलं. पहिल्यांदाच या विषयावर कुणीतरी रेटबद्दल बोललं.

---

निळ्या_पाण्यातली

मी डाइव्ह इन्स्ट्रक्टर आहे, मूळची गोरेगावची, काही वर्षं ऑस्ट्रेलियात केर्न्सला बोटीवर काम केलं, आता अंदमान-मालवण असं चालू असतं. तांडेल म्हणतात तेच तिकडे व्यवस्थेने कसं केलंय ते सांगते, कॉपी करायला नाही, कल्पना म्हणून.

ग्रेट बॅरियर रीफला १९७५ पासून मरीन पार्कचा कायदा आणि त्याचं वेगळं प्राधिकरण आहे. तिथे प्रत्येक पर्यटकामागे रोजचं एक शुल्क असतं, ते टूर कंपनी तिकिटातच घेते आणि प्राधिकरणाला भरते. सगळ्यांनाच भरावं लागतं त्यामुळे 'पलीकडचा शंभर कमी घेतो' हा प्रकार तेवढ्यापुरता तरी बंद. गर्दीच्या जागी कायमचे बोये (तळाशी बांधलेले तरंगते गोळे) लावलेत, बोट त्याला बांधायची, काही ठिकाणी नांगर टाकायलाच मनाई. आणि जे मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे बोटीवरच्या स्टाफलाच प्रवाळाची पाहणी करायला शिकवतात. आम्ही रोज त्याच जागी जायचो, शास्त्रज्ञ वर्षातून एकदा येणार, मग पहिल्यांदा कुणाला दिसणार? ठरावीक जागेत फिरून किती प्रवाळ पांढरा पडलाय, किती मोडलाय, काटेरी मुकुटासारखा तारामासा दिसला का, हे नोंदवून पाठवायचं. तो तारामासा प्रवाळ खातो, संख्या वाढली की रीफ फस्त करतो, त्याला पाणबुडे एकेक करून व्हिनेगर नाहीतर पित्तक्षाराचं इंजेक्शन देऊन मारतात. टूर कंपन्यांची माणसं पण या कामात असतात. कंटाळवाणं, पाठमोडं काम, फोटो अजिबात चांगले येत नाहीत.

आता दुसरी बाजू पण सांगते नाहीतर खोटं होईल. एवढं सगळं करून २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ ला तिथे मोठं ब्लीचिंग झालंच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्रीने काही आठवडे तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, त्याचं बहुतेक अन्न त्या शैवालाकडूनच येतं. २०२४ ला आपल्या लक्षद्वीपला पण तेच झालं. ते बोटवाला थांबवू शकत नाही. पण आधीच लाथा खाल्लेला, गाळाने माखलेला, शेवाळाने झाकलेला प्रवाळ अशा उन्हाळ्यातून उठत नाही आणि धडधाकट असलेला कधीकधी उठतो. आपल्या हातात तेवढंच आहे आणि ते कमी नाही.

मेधा, तुला तयार नियमावली हवी असेल तर ग्रीन फिन्स बघ. २००४ ला थायलंडमध्ये सुरू झालं, डाइव्ह आणि स्नॉर्कल वाल्यांसाठी पंधरा मुद्दे आहेत. मासे खायला घालू नका, हात लावू नका, नांगर, कचरा, ब्रीफिंग वगैरे. तुझी स्वतःची बोट नाही त्यामुळे तुझ्या हातात खरं म्हणजे ब्रीफिंग. आणि ते बोटीवर नको, बोटीवर कुणी ऐकत नाही, लाटा, उलट्या, सेल्फी. आदल्या रात्री जेवणानंतर होमस्टेच्या अंगणात दहा मिनिटं घे. मास्क पाण्यात असतानाच पाठीवर आडवं होऊन कसा नीट करायचा हे बादली-टबावर नाही तर तारकर्लीच्या उथळ वाळूवर सगळ्यांकडून एकदा करून घे. मास्क नीट करायला लोक उभे राहतात, हेच नव्वद टक्के कारण असतं माझ्या मते. लाइफ जॅकेट काढू देऊ नकोस, जॅकेट असलं की माणूस तरंगतो आणि पाय वर राहतात. ज्याला पोहता येत नाही त्याला फिन्स देऊच नकोस, तो फिन्सने पोहत नाही, फिन्सने झाडतो.

सनस्क्रीन. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेटवाल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, पलाऊने २०२० पासून केली. आपल्याकडे ट्यूबवरचं वाचत बसण्यापेक्षा सगळ्यांना पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालायला सांग, प्रश्न मिटला, आणि काकूंची टॅनची चिंता पण.

पाण्याखालचं क्लीनअप मात्र नवशिक्यांकडून अजिबात नको. प्रवाळात अडकलेली जाळी ओढायची नसते, थोडी थोडी कापून काढायची असते, ओढली की प्रवाळासकट येते. ते काम तरंगण्यावर ताबा असलेल्या डायव्हर्सचं.

---

रविवारचं_फावडं

ज्यांना पोहता येत नाही त्यांना जबरदस्तीने पाण्यात का उतरवता पण? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर करतात, स्वतः वल्हवतात. माझ्या सासूबाईंना मालवणच्या स्नॉर्कलिंगपेक्षा तीच आवडली, आणि पैसा सरळ त्या बायकांच्या हातात. वेळासला कासव महोत्सवात पण तेच, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ ला घरटी राखायला सुरुवात केली आणि आता गावात घराघरात पाहुणे उतरतात. मुंबईतच करायचं तर ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बोट आहे, खाडी २०२२ पासून रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. ती बोट पण भरती-ओहोटीवर चालते, वेळ आधी विचारा.

---

दादरची_मेधा

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू, भावाला सगळं वाचून दाखवलं.

असं ठरवतोय सध्या: मालवणच्या ट्रिपमधून क्लीनअप काढून टाकतेय. रीफ फी पण नाही. तिकीट वाढवतेय, आणि वाढलेले पैसे कुठे जातात ते सरळ पोस्टरवर लिहिणार, बोटीत माणसं कमी, दोन गाइड, बिस्किट नाही. एचआरवाल्यांना पावसाळ्यात मुंबईतच आधीपासून चालू असलेल्या क्लीनअपला पाठवणार, येतील ते येतील. हाजी अलीला कालवंवाल्या मावशी शोधायच्यात, नाखवा तुम्हाला मेसेज करते.

@तांडेल_मालवण दोन शंका. बिस्किट न टाकता मासे दिसतील का खरंच? कारण माणसं वाढीव पैसे देऊन येणार आणि मासे नाही दिसले तर शिव्या मी खाणार. आणि शेजारची बोट टाकत असेल तर काय करायचं, तिच्यापासून लांब जायचं?

---

तांडेल_मालवण

दिसतत हो. मासे कुठे जातायत, त्यांचं घरच ते. फक्त बिस्किटावर ते वर येतात, तसं नाय तर तुम्हाला खाली बघावं लागतं. पहिली दोन-तीन मिनिटं काय दिसत नाय कारण तुम्ही पाणी झोडपत असता. मी काय करतो, ट्यूबला धरून सगळ्यांना गप पडून राहायला सांगतो, पाय हलवायचे नाय. मग भेगांतून येतात बाहेर एकेक. पोपटमासा प्रवाळ खरवडतो तो कडाकडा आवाज पाण्यात ऐकू येतो, ते ऐकवा लोकांना, बिस्किटाचं नाव काढणार नाय.

पाणी गढूळ असेल त्या दिवशी मात्र काहीच दिसत नाय, ते आधी सांगून टाका आणि बोट रद्द केली तर बोटवाल्याला अर्धे तरी द्या, नायतर तो गढूळ पाण्यात पण नेईल तुम्हाला.

शेजारच्या बोटीचं असं, सकाळी लवकर या. सात-साडेसातला बोट सोडली तर गर्दी नाय, वारा नाय, पाणी निवळ. अकरानंतर जत्रा असते. तुमची माणसं रात्री पत्ते कुटत बसतात आणि नवाला उठतात ते आधी बंद करा.

---

नाक्यावरचा_शंकेखोर

साडेसातला बोट म्हणजे मुंबईचं पब्लिक गेलंच. तरी माझी आणि बायकोची दोन नावं लिहून ठेवा, नोव्हेंबरचं कुठलंही चालेल. बायकोला पोहता येत नाही, तिला फिन्स देऊ नका.

---

दादरची_मेधा

लिहिली. पौर्णिमा बघून तारीख टाकते, येताना मुंबईत हाजी अली पण करूया.

---

खडपातला_खेकडा

पौर्णिमेच्या दिवशीच नको, नंतरचे एक-दोन दिवस बघ, पाणी जास्त आत जातं. आणि तारीख टाकायच्या आधी भरती-ओहोटीचं टेबल मला पाठव.